कुकीजचा डो आधीच करून ठेवा, सणाच्या दिवशी फक्त ओव्हन लावा

सणाला भरपूर कुकीज करायच्या म्हटलं की सगळे म्हणतात बेकिंगला वेळ लागतो, पण एक ट्रे ओव्हनमध्ये असतो जेमतेम १०-१२ मिनिटं. वेळ खातं ते बाकीचं, म्हणजे मोजणं, चाळणं, बटर मऊ व्हायची वाट बघणं आणि मग सिंकमधला भांड्यांचा ढीग. चार प्रकार एकाच दिवशी करायला घेतले की ही कटकट चारदा. म्हणून मी डो, म्हणजे कुकीजचं मळलेलं कच्चं पीठ, एकेक करून निवांत आधीच करते आणि सरळ फ्रीझरमध्ये टाकते.

बहुतेक कुकीजचा डो फ्रीझरमध्ये तीनेक महिने छान टिकतो. नुसत्या फ्रीजमध्ये मात्र तीन-चार दिवसच, त्यात कच्चं अंडं असतं ना. चोकोचिप टाइपच्या कुकीज असतील तर स्कूपने गोळे करून आधी ट्रेवर सुटे सुटे ठेवून कडक गोठवा आणि मगच पिशवीत भरा, नाहीतर सगळे एकमेकांना चिकटून मोठा दगड होतो आणि तो फोडत बसावं लागतं. भाजताना वितळवायचीही गरज नाही, तसेच गोठलेले गोळे आत ढकला, एक-दोन मिनिटं जास्त लागतात इतकंच.

कटरने कापायच्या कुकीजची गंमत वेगळी आहे. लोक डो थंड करतात आणि मग तो कडक गोळा लाटत जोर काढत बसतात! उलट करा, डो मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मधे ठेवून अर्धा सेंटीमीटर जाड लाटून टाका आणि ती पोळीच आडवी फ्रीझरमध्ये सरकवा. वरून मैदा भुरभुरावा लागत नाही त्यामुळे कुकीज कोरड्या होत नाहीत, आणि थंडगार डो कापला की कडा एकदम स्वच्छ येतात.

बरं, थांबण्याचा फायदा फक्त सोयीचा नाही. फ्रीजमध्ये एक दिवस मुरला की मैदा ओलावा नीट पिऊन घेतो, बटर घट्ट होतं म्हणून कुकी ट्रेवर पसरत नाही, रंगही छान येतो आणि चवही जास्त खुलते. चोकोचिपला तर मी हे कंपल्सरीच म्हणेन. फक्त मेरिंग, मॅकरॉन असल्या फेटलेल्या अंड्याच्या प्रकारांना हे चालत नाही, त्यातली हवा बसते, ते त्याच दिवशी करायचे.

डो करायलाही वेळ नसेल तर निदान मैदा, मीठ, बेकिंग पावडर मोजून पिशव्या भरून ठेवा आणि पिशवीवरच मार्करने लिहा की यात बटर किती, अंडी किती, ओव्हन कितीवर आणि किती वेळ, म्हणजे पिठाच्या हातांनी फोन चाळायला नको. त्याआधी बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली नाही तर नवीन आणा. अक्रोड, बदाम फ्रीझरमध्येच ठेवलेले बरे, बाहेर त्यांचं तेल खवट होतं.

भाजायच्या दिवशी बटर पेपर आधीच कापलेले हवेत आणि ट्रे किमान दोन, कारण गरम ट्रेवर डो ठेवला की ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर वितळून कुकी चपटी होते.

भाजलेल्या कुकीजही फ्रीझ होतात, पण मला ताज्या भाजलेल्याच आवडतात, त्यामुळे ते अगदीच नाइलाज असेल तर. तेव्हा डबा बंद ठेवूनच रूम टेंपरेचरला येऊ द्या, म्हणजे पाणी डब्याच्या बाहेर सुटतं, कुकीजवर नाही. आयसिंग त्यानंतरच. आणि कुरकुरीत नि मऊ कुकीज एका डब्यात कोंबू नका हं, कुरकुरीत असतील त्या दुसऱ्या दिवशी लिबलिबीत झालेल्या असतात.