कॉइल डिनायट्रेटर: ५२व्या दिवसापर्यंतची नोंद

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १५० लिटरचा टँक, चार गोल्डफिश, नायट्रेट (माशांच्या मैल्यातून पाण्यात साचणारं) लिटरला ८० मिलिग्रॅम. आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणीच किटवर ४० भरतं (पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५), त्यामुळे वॉटर चेंज म्हणजे चिखलाने चिखल धुणं. म्हणून ३० मीटर एअरलाइन ट्यूबची कॉइल, पुढे सिरॅमिक रिंग भरलेला दोन लिटरचा बंद डबा आणि त्यातून टँकचं पाणी सेकंदाला एक थेंब. हाच डिनायट्रेटर: आत ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात.

त्या जिवाणूंना खाऊ म्हणून व्होडका. बारा नायट्रेट कणांना इथेनॉलचे (व्होडकातलं अल्कोहोल) पाच रेणू हे समीकरण धरलं तर १ मिली व्होडका कागदावर साधारण १ ग्रॅम नायट्रेटला पुरते. दिवसाला सव्वाचार लिटर पाणी जातं, म्हणजे सुमारे ०.३५ ग्रॅम नायट्रेट. जिवाणूंना स्वतःचं अंगही वाढवायचं असतं, म्हणून इन्सुलिनच्या सिरिंजने रोज ०.५ मिली. बाटली फिशफूडशेजारी ठेवल्याने घरात झालेली चर्चा इथे देत नाही.

दिवस ९. बाहेर येणाऱ्या पाण्याचं नायट्रेट जराही कमी नाही, नायट्राइट (वाटेतला टप्पा, माशांना विषारी) मात्र थेट ५, किटवर गडद जांभळं. नशीब, पाणी अजून बादलीतच सोडत होतो. एक लक्षात ठेवा: नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग देतं. पाण्यात नायट्राइट साचलं असेल तर तो लाल रंग खोटा असतो. मी दोन दिवस उगाच किटची दुसरी बाटली झोडून झोडून हलवत होतो.

हा नायट्राइटचा फुगवटा का, यावर बरंच वाचलं. बहुतेक डिनायट्रिफायर (म्हणजे हे नायट्रेट फोडणारे जिवाणू) ऑक्सिजन मिळेल तोवर तोच वापरतात. तो संपला की त्याची चाहूल घेणारी एफएनआरसारखी प्रथिनं जागी होतात. नायट्रेट आहे का, हे काही जिवाणूंत नार-एक्स आणि नार-एल ही प्रथिनांची जोडी बघते, आणि मग नार-जी जनुकावरून नायट्रेट रिडक्टेज (नायट्रेटचं नायट्राइट करणारं एन्झाइम) बनतं. नायट्राइट पुढे नेणारी निर-एस किंवा निर-के ही जनुकं मागाहून चालू होतात. पॅराकॉकस नावाच्या जिवाणूत तर ऑक्सिजन संपल्यावर थोड्याच पेशी नायट्राइट रिडक्टेज बनवतात, असं दिसलंय. म्हणजे जनुक सगळ्यांच्या खिशात, पण कामाला लागणारे मोजके. नुसत्या जनुकांच्या प्रती मोजून काम किती चाललंय हे का कळत नाही, ते मला इथे पटलं. (माझ्याकडे त्या प्रती मोजणारं पीसीआर यंत्र नाही. किट आहे, नाक आहे.)

माझी चूक वेगळीच होती. रिंगांवर बुळबुळीत थर आला का, हे बघायला मी दर दोन दिवसांनी झाकण उघडत होतो. ऑक्सिजन आत गेला की एन्झाइम तयार असलं तरी नायट्रेट पेशीत शिरणंच अडतं. झाकणाला टेप मारली.

दिवस १६. नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. ट्यूबमध्ये बारीक बुडबुडे. पाणी टँकमध्ये सोडायला सुरुवात.

दिवस २४. हाव सुटली. थेंब तीन सेकंदांना एक केला, व्होडका तेवढीच. दोन दिवसांत बाहेरचं नायट्रेट शून्य आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास. नायट्रेट संपलं की सल्फेटवर जगणारे पुढे सरसावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. परत बादली, थेंब पूर्ववत, चार दिवसांत वास गेला. आता बाहेर ५ ते १० राहिलं तरच मला झोप लागते.

उलट बाजूही आहे. नायट्रेट भरपूर आणि खाऊ तोकडा असेल तर गाडी नायट्रोजनच्या अलीकडे, नायट्रस ऑक्साइड वायूवर अडकते. शेवटचा टप्पा नॉस-झेड जनुकाचा, त्याच्या एन्झाइमला तांबं लागतं आणि आम्ल पाणी त्याला सोसत नाही. बुडबुड्यांत नायट्रोजन किती आणि तो वायू किती, हे आपलं किट सांगत नाही. पीएच ७.६ आहे, तेवढाच दिलासा.

दिवस ५२. टँक ४०, बाहेरचं पाणी ५च्याही खाली सरकतंय, नायट्राइट शून्य. आत जाणारं नायट्रेट निम्मं झालं, मी मात्र व्होडका पहिल्याच मापाने घालतोय. उद्यापासून ०.२५ मिली.