आमची वाटचाल : तुटलेल्या शाफ्टपासून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरुवात केली. टॉवेल कारखान्यांत रंग ढवळायला लागणारे स्टेनलेसचे शाफ्ट बनवायचो. पहिली वर्षं ऑर्डर आणि उधारी यांच्या मागे धावण्यात गेली.

मग एक शाफ्ट तुटून परत आला. "माल हलका वापरला तुम्ही," गिऱ्हाईक म्हणालं. माल 304 या ग्रेडच्या स्टेनलेसचाच होता, मनाला फार लागलं. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक रेघा होत्या, की-वेच्या (शाफ्टमध्ये चावी बसवायला कापलेल्या खाचेच्या) कोपऱ्यातून पसरत गेलेल्या. म्हणजे शाफ्ट एका झटक्यात गेला नव्हता, लाखो फेऱ्यांत थकला होता. हे दाखवून द्यायला फिरत्या नमुन्यावर वजन टांगून तो वाकवणारं मशीन आम्ही गाळ्यातच उभं केलं.

1440 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 1440 फेऱ्यांनी, दहा लाख फेऱ्या व्हायला साडेअकरा तास लागतात. घाईपोटी 2880 ची मोटर बसवली. मे महिन्यातलं सोलापूर, वर पत्रा. मशीन थांबवून नमुन्याला बोट लावलं तर चटका बसला. बेअरिंग तापलं असेल म्हणून पाहिलं, तर ते कोमट; नमुन्याची बारीक कंबरच सगळ्यात गरम.

दर फेरीला धातू ताणला-दाबला जातो, त्यातली थोडी शक्ती उष्णता होऊन आतच राहते. साध्या पोलादाच्या मानाने 304 मधून उष्णता जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहते, म्हणून ती तिथेच साचते. शिवाय जास्त ताणलं की 304 चा काही भाग मार्टेन्साइट (पोलादाचं कडक, चुंबकाला चिकटणारं रूप) होऊन कडक होतो. खूप वाकवलेल्या पट्टीला चुंबक चिकटतं ते त्यामुळेच. नमुना तापला की हे कडक होणं कमी पडतं. म्हणजे घाईत मिळालेला फेऱ्यांचा आकडा तापलेल्या तुकड्याचा होता, गार रंगात फिरणाऱ्या शाफ्टचा नव्हता.

तापमान मोजायची गनही आधी फसवायची. चकचकीत स्टीलवर आकडा कमीच यायचा. शाळेच्या फळ्याचा काळा रंग फासला, तेव्हा खरं तापमान दिसलं: सुरुवातीला चढतं, मग तासन् तास एका जागी ठरतं आणि तुटायच्या आधी पुन्हा झपाट्याने चढतं. आमचा ऑपरेटर आता वहीतला आकडा हलला की हाक मारतो, "दादा, निघाला!"

नमुन्याचं तापमान न लिहिलेला फटीग (धातू थकण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट मी अर्धवटच मानतो. आमच्या रिपोर्टवर तो रकाना असतोच. की-वेचा कोपरा आम्ही गोल केला. गिऱ्हाईक अजून आमच्याकडेच आहे. 2880 ची मोटर आता ग्राइंडरला आहे.