सावलीतील लॉन आणि उजेडाचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून लॉनचे तुकडे भरलेले टेम्पो पुण्यात येऊ लागतात, आणि माझ्या पाहण्यात त्यांतील बराचसा माल अशा जागी अंथरला जातो की जिथे तो दिवाळीपर्यंत टिकण्याची शक्यताच नसते. दिवाळीनंतर जमीन पुन्हा उघडी पडते. मग पाणी कमी पडले, खत कमी पडले, माळ्याने लक्ष दिले नाही, अशी कारणे शोधली जातात आणि पुढच्या जूनमध्ये तेच गवत त्याच जागी पुन्हा आणले जाते. सहकारनगरातील आमच्या जुन्या बंगल्याच्या अंगणात अनेक वर्षे गवत सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ खतापाण्यात नसून उजेडात असते, आणि गवत विकत घेण्यापूर्वी उजेड मोजण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात.

सावलीत गवताचे नेमके काय होते, हे आधी पाहू. उजेड कमी मिळाला की पान पातळ आणि लांब होते, दोन पेरांमधील अंतर वाढते, बुडाशी नवे फुटवे कमी येतात आणि मुळे वरच्या थरातच राहतात. लांबून पाहणाऱ्याला हे गवत जोमाने वाढते आहे असेच वाटते, कारण त्याची उंची भराभर वाढत असते. प्रत्यक्षात ते साठवलेल्या अन्नावर जगत असते. अशा गवतावर चार दिवस मुले खेळली किंवा एकदा कापणी खोल झाली की ते पुन्हा उभे राहत नाही. त्यातच सावलीत दव आणि पाणी उशिरा सुकते, त्यामुळे बुरशीला अनुकूल असा ओलावा पानांवर तासन्‌तास टिकून राहतो.

सावली सगळीकडे एकसारखी नसते. इमारतीच्या सावलीत थेट ऊन नसले तरी वरून मोकळ्या आकाशाचा पसरलेला उजेड येत असतो. झाडाखालचा उजेड मात्र पानांतून गाळून आलेला असतो. प्रकाशसंश्लेषणाला लागणारे तांबडे आणि निळे किरण वरच्या पानांनी आधीच टिपलेले असतात आणि खाली उरतो तो गवताच्या फारसा उपयोगाचा नसतो. शिवाय झाडाची मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरातले पाणी आणि अन्न घेतात, म्हणजे गवताला ज्या थरात जगायचे त्याच थरात ही स्पर्धा असते. म्हणूनच भिंतीच्या सावलीतले गवत आणि आंब्याखालचे गवत यांना एकच उपाय लागू पडत नाही. आमच्याकडे येणारे माळीकाका हे फार थोडक्यात सांगतात: “ताई, झाड ठेवायचं का लॉन, ते आधी ठरवा. मग मला बोलवा.”

झाडाझाडांतही फरक आहे. आंबा आणि बकुळ यांची सावली बारा महिने दाट राहते. कडुनिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, गुलमोहर फुलण्यापूर्वी बराच काळ जवळजवळ निष्पर्ण असतो, आणि त्या काळात खालच्या गवताला चांगला उजेड मिळून जातो. पर्जन्यवृक्षाची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याची पर्णिका संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, त्यामुळे पाऊस थेट खाली पोहोचतो. शिवाय तो शेंगावर्गातला असल्याने त्याच्या पाल्यातून नत्रही मिळते. एवढ्या प्रचंड विस्ताराच्या झाडाखाली हिरवे गवत दिसते याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही.

आता पुण्याच्या सूर्याविषयी. आपले शहर साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या दरम्यान तो माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की दुपारीही त्याची उंची क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच असते. सात मीटर उंचीच्या एकमजली बंगल्याची उत्तरेकडे पडणारी सावली त्या दिवसांत भर दुपारी सव्वासहा मीटरपर्यंत जाते. आपल्याकडच्या साइड मार्जिन, म्हणजे बंगला आणि कंपाउंड यांच्यामध्ये सोडलेल्या मोकळ्या पट्ट्या, बहुधा तीन मीटरच्या आसपास असतात. त्याच बंगल्याच्या उत्तरेच्या अशा पट्टीचे गणित मांडले तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथल्या जमिनीला दुपारचे ऊन शिवतही नाही, असे दिसते. शेजारी जुना बंगला पाडून सात मजली इमारत उभी राहिली असेल, तर हे गणित मांडण्याचीही गरज नाही.

उलट त्याच पट्टीत एप्रिल-मे महिन्यांत भरपूर ऊन येते, आणि नेमके त्याच सुमारास लोक लॉनचा विचार करू लागतात. जागा पाहायला आलेला माणूस मे महिन्यात उन्हात उभा राहून “इथे कुठलेही लॉन येईल” असे सांगतो, ते त्या दिवसापुरते खरेच असते. मग जूनमध्ये ढग येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश सतत भरलेले, झाडे पानांनी गच्च आणि जमीन ओली, अशी तीनही कारणे एकत्र येतात. पुण्यातील अंगणासाठी वर्षातला सर्वांत अंधारा काळ हिवाळा नसून बहुतेक ठिकाणी हाच असतो. परदेशी बागकामाच्या लेखांत सावली आणि कोरडेपणा यांची सांगड घातलेली आढळते, तर आपल्याकडे निम्मे वर्ष सावली आणि ओल यांची जोडी जमते आणि उरलेले निम्मे वर्ष सावली आणि कोरड यांची.

उजेड मोजण्यासाठी उपकरण लागत नाही. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गच्चीवरून अंगणाचा फोटो काढावा आणि कागदावर काढलेल्या नकाशात ऊन कुठे पडले ते रंगवावे. असे मार्चमध्ये एकदा, मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा केले की अंगणाचे खरे चित्र हाती येते. सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेची बाजू मला नेहमी अधिक मोलाची वाटते, कारण तिथे पानावरचे दव लवकर उडून जाते.

मोजणी झाली की गवताची निवड सोपी होते. आपली हरळी आणि तिच्या कुळातले, नर्सरीत ‘सिलेक्शन नंबर एक’ म्हणून मिळणारे गवत हे उन्हाचे गवत आहे. त्यांना रोज सात-आठ तास थेट ऊन हवे आणि सहाच्या खाली ती विरळ होत जातात. झोयशिया कुळातले, ‘कोरियन’ किंवा ‘मेक्सिकन’ नावाने विकले जाणारे गवत चार-पाच तासांत निभावून नेते, पण त्याची वाढ हळू असल्याने एकदा पडलेला टक्कल-भाग भरून यायला फार वेळ लागतो. सावलीसाठी खरोखर विचार करण्यासारखी दोन गवते आहेत. एक सेंट ऑगस्टीन, म्हणजे जाड, रुंद पानाचे, जमिनीवर सरपटणारे गवत. दुसरे अॅक्सोनोपस, तेही रुंद पानाचे, अधिक मऊ, आणि थोड्या कमी उजेडातही तग धरणारे. या दोघांनाही ‘बफेलो’ म्हणून विकलेले मी पाहिले आहे, त्यामुळे नावावर न जाता नर्सरीत ते कुठे वाढवले आहे हे पाहावे. शेडनेटखाली रुजलेले आणि तिथेच दाट राहिलेले गवत पसंत करावे. भर उन्हात वाढवलेला सुंदर तुकडा सावलीत आणला तर तो पहिल्या महिन्यातच झुरू लागतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘शेड ग्रास’च्या बियांपासून मात्र दूर राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या पाकिटांत बहुधा फेस्क्यूसारखी थंड प्रदेशातील गवते असतात. युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात ती सावलीत उत्तम वाढतात, पण पुण्याचा एप्रिल-मे त्यांना सोसवत नाही. नोव्हेंबरमध्ये पेरलेले बी डिसेंबरभर कोवळे हिरवेगार दिसते आणि उन्हाळ्यात पूर्ण जळून जाते.

झाडाखाली उजेड वाढवायचा तर शेंडा न तोडता खालच्या फांद्या उचलून घ्याव्यात आणि आतली गर्दी विरळ करावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन खाली शिरते. पुण्यात मात्र हे काम परस्पर करता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे, आणि फांद्या छाटण्यासाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी केलेला बरा. दुसरी सावधगिरी मातीची. झाडाखाली उघड्या पडलेल्या मुळांवर वीतभर माती टाकून वर लॉन अंथरण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने मुळांना हवा मिळत नाही आणि खोडाशी माती साचल्याने साल कुजते. दोन-तीन बोटे जाडीचा चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत यांचा थर पुरे, आणि खोडाभोवतीचा घेर मोकळाच ठेवावा. उजेड वाढवण्याचा आणखी एक स्वस्त मार्ग म्हणजे कंपाउंडची भिंत पांढऱ्या रंगाने रंगवणे. तीन मीटर रुंदीच्या पट्टीत त्याचा फरक जाणवतो.

जमिनीविषयीही बोलले पाहिजे. बंगल्याभोवतीची माती बहुतेक वेळा बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम, चुनखडी आणि राडारोडा यांचे मिश्रण असते. सावलीत ती लवकर घट्ट होते, पाणी वरच साचते आणि शेवाळ धरते. शेवाळ खरवडून काही साधत नाही. ते निचरा आणि उजेड कमी असल्याची खूण आहे. टोकदार पहारीने वीतभर खोल भोके पाडून त्यांत जाड वाळू आणि गांडूळखत भरणे हा उपाय कष्टाचा असला तरी उपयोगी आहे. चुनखडीच्या मातीत अॅक्सोनोपस हमखास पिवळे पडते, कारण त्याला किंचित आम्ल जमीन मानवते आणि चुन्यामुळे मातीतले लोह त्याला घेता येत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर दर लिटर पाण्यात पाच ग्रॅमपर्यंत हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवून संध्याकाळी फवारावे. फरशीवर ते सांडू देऊ नये, तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

लागवडीचा काळ म्हणून सगळे जून सुचवतात. मोकळ्या अंगणासाठी ते योग्यच आहे. पानगळीच्या झाडाखाली मात्र मी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च पसंत करते. त्या वेळी हवा उबदार असते, झाड उघडे असते, आणि पाणी देण्याची तयारी असेल तर पावसाळ्यातला अंधार येईपर्यंत गवताने मूळ धरलेले असते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तर हा बेत करू नये.

निगेतला सर्वांत महत्त्वाचा भाग कापणीचा आहे. उन्हातल्या गवताप्रमाणे सावलीतले गवत बारीक कापले की त्याचे थोडेबहुत अन्न तयार करणारे पानच जाते. सेंट ऑगस्टीन तीन इंच आणि झोयशिया दोन इंच ठेवावे, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. भाड्याने मोवर घेऊन येणारा माणूस सगळ्या अंगणावर एकाच उंचीचे पाते फिरवतो, म्हणून त्याला सावलीच्या भागात उभे राहून सांगावे लागते. खत उन्हातल्या गवताच्या निम्मे पुरे. युरियाने आलेला जोम सावलीत बुरशीला आमंत्रण देतो. पाणी सकाळीच, आठवड्यातून कमी वेळा पण खोलवर द्यावे. गळलेली पाने रोज झाडावीत, विशेषतः आंब्याची, कारण ती लवकर कुजत नाहीत आणि आहे तो उजेडही अडवतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवत गादीसारखे उचलून हातात येऊ लागले तर उजेडाला दोष देण्यापूर्वी खालची माती उकरून मुळे खाणारी हुमणीची अळी आहे का ते पाहावे.

एवढे करूनही ज्या जागी चार तासही ऊन मिळत नाही, तिथे गवताचा हट्ट सोडावा. आमच्या उत्तरेच्या पट्टीत आता गवत नाही. तिथे मोंडो ग्रास आहे, जे नावापुरते गवत असून लिलीशी नाते सांगणाऱ्या गटातले आहे आणि कापावे लागत नाही. पन्हळीच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या कोपऱ्यात नेचे आहेत, आणि जिथे सकाळी थोडे ऊन येते तिथे ब्राह्मी पसरली आहे. वेडेलिया लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ती शेजारच्या वाफ्यांत घुसते आणि मग निघता निघत नाही. चालण्यासाठी शहाबादी फरशीचे तुकडे चार बोटांच्या फटी सोडून बसवले आहेत. पूर्वेच्या बाजूने सेंट ऑगस्टीनच्या फांद्या या पट्टीकडे सरकत असतात, म्हणून दोहोंच्या मध्ये विटांची आडवी ओळ पुरली आहे, आणि तिच्यावरून पलीकडे आलेले गवत दर महिन्याला कात्रीने छाटावे लागते.