आधी चित्र, मग पैसे

गेमचे कन्सोल आणि सेट-टॉप बॉक्स मॉनिटरला जोडायच्या केबली विकणाऱ्या, नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला एक लांब टेबल आहे. त्यावर चार मॉनिटर दिवसभर चालू असतात. पहिला जुना, काचेच्या मोठ्या ट्यूबचा. दुसरा चौकोनी एलसीडी, ज्याला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलीतून नेणारी डिजिटल जोडणी) नाहीच. तिसरा घरोघरी असतो तसा फुल एचडी आणि चौथा सत्तावीस इंची, १४४० रेषांचा. गिऱ्हाईक आपला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा सेट-टॉप बॉक्स घेऊन येतं, त्याच्या घरच्या मॉनिटरला सर्वात जवळचा असेल त्यावर आम्ही जोडणी करून दाखवतो. चित्र दिसलं, आवाज आला की मगच बिल फाडायचं. हा नियम आम्हाला कुणी शिकवला नाही, आमच्याच चुकीतून तो आला.

बाबांचं महाल भागात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी तिथेच बसायचो. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पोरं टीव्ही गेम घेऊन यायची. कॅसेट लागत नाही, रिमोटची तार तुटली, अशी कामं. सोल्डरिंगची सळई मी तिथेच हातात धरली. पुढे बर्डीत स्वतःची छोटी जागा घेतली, तेव्हा विचार संगणक दुरुस्तीचाच होता. पण हिंगणा रोडच्या कॉलेजांची मुलं वेगळीच अडचण घेऊन येऊ लागली. खोलीवर टीव्ही नाही, संगणक मात्र आहे. आणि कुणाच्या तरी मामानं पाठवलेला प्लेस्टेशन टू आहे.

त्याला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना. मॉनिटरला मागे निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए. बाजारात पिवळी पिन आणि व्हीजीए जोडणारी साधी तार मिळायची, मुलं ती लावायची आणि पडदा काळाच राहायचा. कारण साधं आहे. टीव्हीचा सिग्नल सेकंदाला साधारण साडेपंधरा हजार आडव्या रेषा काढतो. संगणकाचा मॉनिटर सहसा तीस हजारांच्या खाली घेतच नाही. शिवाय पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळलेले असतात, व्हीजीएला लाल, हिरवा, निळा वेगवेगळे लागतात. नुसती तार हे काम करूच शकत नाही.

ते काम टीव्ही ट्यूनरचा डबा करायचा. एका बाजूनं केबलवाल्याची वायर किंवा पिवळी पिन, दुसऱ्या बाजूनं व्हीजीए, आवाजाला वेगळी पिन. मॉनिटरच टीव्ही व्हायचा. आमचं दुकान उभं राहिलं ते या डब्यावर. क्रिकेटच्या मोसमात तर एकेका हॉस्टेलच्या मजल्यावर दोन-दोन डबे जायचे. मग शहरात केबल डिजिटल करायची ३१ मार्च २०१३ ही मुदत आली. चॅनल सेट-टॉप बॉक्समधूनच यायला लागले, आणि डब्यातल्या ट्यूनरला काही काम उरलं नाही. माल पडून राहिला. पिवळ्या पिनेची सोय असलेले डबे हळूहळू गेले, बाकीचे मोडीत दिले.

तोवर एचडीएमआय आलं होतं, आणि इथेच मी चुकलो. एका ठोक व्यापाऱ्याकडून एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी केबल स्वस्तात आली. मी बॉक्सभर घेतली, विकली. हिंगण्याहून एक मुलगा तीनदा सिटी बसनं आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "दादा, सगळं करून पाह्यलं, पण काहीच दिसून नाही राहिलं." मी त्याच्यासमोर कटरनं केबल उभी चिरली. आत एकही चिप नव्हती, नुसत्या तारा. कन्सोल डिजिटल सिग्नल देतो, व्हीजीए अॅनालॉग मागतं. मधे रूपांतर करणारी चिप नसेल तर त्या केबलीत आणि सुतळीत काही फरक नाही. त्याचे पैसे तर परत केलेच, पण बिलबुकावर ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन लावले. बायकोनं यादी काढली, मी बोलावून पैसे दिले. त्या आठवड्यात टेबल बनवायला टाकलं.

टेबलानं आम्हाला पुष्कळ शिकवलं. चिपवाला कन्व्हर्टर लावूनही प्लेस्टेशन फोरचा पडदा काळा राहायचा, कारण एचडीसीपी हे नक्कलविरोधी कुलूप. फोरमध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं. थ्रीमध्ये तशी सोयच नाही. थ्री घेऊन येणाऱ्याला आम्ही कन्व्हर्टर विकत नाही, जुन्या पिनांचा रस्ता दाखवतो. मग आवाज. "काका, चित्र येऊन राहिलं, आवाज नाही येऊन राहिला," हे रोजचं. बहुतेक मॉनिटरना स्पीकर नसतो. गेमच्या रिमोटला हेडफोन लावा, किंवा एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा छोटा डबा घ्या. प्लेस्टेशन फाइव्हला ऑप्टिकलचं, म्हणजे आवाज प्रकाशातून नेणाऱ्या तारेचं, भोकच नाही, त्यामुळे जुना होम थिएटर असलेल्यांची पंचाईत होते.

सध्या सर्वात जास्त फसगत डिस्प्लेपोर्टची, म्हणजे संगणकाच्या मॉनिटरला असणाऱ्या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या तोंडाची. मॉनिटरला मोकळं डिस्प्लेपोर्ट दिसतं, माणूस ऑनलाइन केबल मागवतो. ती बहुधा संगणकाकडून टीव्हीकडे जाणारी असते. कन्सोलकडून मॉनिटरकडे उलट चालत नाही. उलट्या दिशेला चिपवाला अडॅप्टर लागतो, त्याला यूएसबीची वीजही द्यावी लागते. आणि १४४० चा मॉनिटर घेणाऱ्याला मी आधी विचारतो, कन्सोल कोणता? एक्सबॉक्सची सीरिज एक्स आणि सीरिज एस ही जोडी १४४० देते, प्लेस्टेशन फाइव्हला सप्टेंबर २०२२ च्या अपडेटनंतर आलं. निन्टेन्डोचा पहिला स्विच हा कन्सोल १०८० वरच, म्हणजे फुल एचडीवरच, थांबतो.

दुरुस्तीचं काम धाकटा भाऊ बघतो. एचडीएमआयच्या तोंडात एकोणीस पिना, भिंगाखाली धरल्या तर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. मे महिन्यात आमच्याकडे जे पोर्ट येतात त्यांच्यावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी असतं. आता आम्ही न विचारता ओळखतो: कन्सोल कूलरच्या झोतात ठेवलेला आहे. नागपूरकर उन्हाळ्यात कूलर सोडणार नाही, सोडूही नये. पण ओली हवा आणि धूळ पिनांवर बसते. कन्सोल कूलरच्या झोताबाहेर, बाजूच्या भिंतीला ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. दुसरं, जुन्या घरांत प्लगला अर्थिंग नसतं. दोन पिनांच्या प्लगवरचे सेट-टॉप बॉक्स आणि कन्सोल यांच्या अंगावर थोडा करंट राहतो, चालू असताना केबल खुपसली की बारीक ठिणगी पडते, आणि आतली एचडीएमआयची चिप जाते. चिप बदलायचं काम केबलीच्या कितीतरी पट महाग पडतं. दोन्ही बाजूंचे बोर्डाचे बटण बंद करून मगच जोडा, एवढं प्रत्येक पिशवीत आम्ही मराठीत छापून देतो. मजकूर बायकोचा आहे.

कुणी म्हणतं, टेबलाची जागा शोकेसला दिली तर धंदा वाढेल. वाढेलही. पण सक्करदऱ्याहून भर दुपारी एखादी काकू नातवासाठी केबल न्यायला येते, घरी जाऊन ती लागली नाही तर तिला पुन्हा उन्हात यावं लागतं, हे माझ्या डोळ्यांसमोर असतं.

येताना मॉनिटर उचलून आणायची गरज नाही. मागच्या बाजूची सगळी भोकं दिसतील असा एक फोटो आणि खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणा. कन्सोल मात्र त्याच्या मूळ पॉवर केबलसकट आणा.