टेमेक्युलाच्या पोस्टावरचं नाव

भावाला राखी पाठवायला टेमेक्युलाच्या पोस्टात गेले, तेव्हा इमारतीवरचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं: दलीपसिंग सौंद. दक्षिण कॅलिफोर्नियात पोस्टाला सरदारजींचं नाव! राखी राहिली बाजूला, मी आधी त्यांचीच माहिती काढत बसले.

पंजाबातल्या छज्जलवाडीचा हा मुलगा 1920 मध्ये अमेरिकेत आला, फळं टिकवून डबाबंद करायचं शास्त्र शिकून परत जायच्या बेताने. बर्कलीला गेला, विषय बदलला आणि 1924 मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. पण तोवर सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्वाचं दार बंद केलं होतं. मग गणिताचा डॉक्टर इम्पीरियल व्हॅलीच्या रखरखाटात कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम झाला. पुढे लेट्यूस पिकवला, तेही दुसऱ्यांच्या जमिनीवर. स्वतःच्या नावावर घ्यायला कायदाच आड येत होता.

1946 मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला. त्यासाठी सौंद यांनीही बरीच धावपळ केली होती. 1949 च्या डिसेंबरात ते नागरिक झाले. म्हणजे 29 वर्षांनी! ग्रीनकार्डच्या रांगेवरून आमच्या ग्रुपवर रोज रडगाणं चालतं, त्यात माझाही सूर असतो. हा आकडा टाकला तर दोन दिवस सगळे चिडीचूप.

पुढच्याच वर्षी ते वेस्टमोरलँडला न्यायाधीश म्हणून निवडून आले, पण नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून त्यांना पद मिळालं नाही. पुन्हा उभे राहिले, पुन्हा जिंकले. प्रचारात कुणी टोमणा मारला, तुमच्या कोर्टात यायला पगडी तुम्ही देणार की आम्ही विकत घ्यायची? ते म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला घेणं नाही, डोक्यात काय आहे ते बघतो.

1956 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली महिला वैमानिक. त्यांना हरवून सौंद वॉशिंग्टनला गेले. तिथे निवडून गेलेले ते पहिले आशियाई. तीनदा जिंकले, 1962 मध्ये पक्षाघात झाला, प्रचारच करता आला नाही, आणि हरले. 1973 मध्ये गेले.

रात्री फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. आमची तासगावला द्राक्षं. त्यांनी एवढंच विचारलं, "लेट्यूसला भाव मिळाला का त्याला?"

नव्हता मिळाला. मंदीत कर्ज झालं, लोक म्हणाले दिवाळखोरी जाहीर कर, त्यांनी केली नाही. वर्षानुवर्षं फेडत राहिले. बाबांना खासदारकीपेक्षा हेच जास्त ऐकायचं होतं.