गणिताचं पुस्तक टाइपसेटिंगला देताना

माझं कलनाचं (कॅल्क्युलसचं) हस्तलिखित टाइपसेटिंगला, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायला, द्यायचं होतं. "गणित जमतं का?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. म्हणून मी प्रश्न विचारणं सोडलं आणि मुद्दाम छळवादी असं एक नमुना पान बनवलं: अपूर्णांकात अपूर्णांक, मोठी सारणी, सीमांसकट संकलक (इंटिग्रल) आणि बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह यावं अशी लांबलचक सिद्धता. ते काही टाइपसेटरांकडे पाठवलं. पानाचे पैसे अर्थातच दिले, फुकट काम कशाला करून घ्यायचं?

आलेली पानं भिंग घेऊन तपासली. एकाने वजाच्या जागी संयोगचिन्ह टाकलं होतं. चल अक्षरं तिरपी हवीत, पण साइन, लॉग सरळ, तिथेही गडबड. जिने संकलकातल्या डीएक्सच्या आधी बारीकशी मोकळी जागा न सांगता सोडली, तिलाच काम दिलं. शिवाय तिनं विचारलं, "सूत्रांचे क्रमांक आपोआप बदलणारे ठेवू ना?" मधे एक सूत्र घुसवलं की पुढचे सगळे संदर्भ हाताने बदलायचे, हे दुखणं ज्याला माहीत आहे त्याला या प्रश्नाची किंमत कळेल.

ती लॅटेक हे गणिती मजकूर जुळवण्याचं सॉफ्टवेअर वापरते. त्याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांनी आपल्याच पुस्तकाची प्रुफं बघून वैतागून १९७७-७८ च्या सुमारास लिहायला घेतली. मला ते वैतागणं अगदी पटतं!

करारात दोन गोष्टी घातल्या: पीडीएफसोबत मूळ फाइलीही मिळाव्यात, आणि सूत्रांनी गच्च भरलेल्या पानाचा दर वेगळा. दुसरी अट माझीच.