बाबांचं पित्त आणि खिशातलं पाकीट

मागच्या उन्हाळ्यात बाबा आईला म्हणले, संडास काळी व्हायली, डांबरावानी. आई म्हणली उन्हाचं हाय, सब्जा घ्या. मला हे कळलं चार दिवसांनी, ते पण जिना चढताना बाबांना धाप लागली म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा. घरात तीन वर्षांपासून एकच शब्द, पित्त. जळजळ झाली की मेडिकलवरून गॅसची गोळी आणायची, झालं.

सेलूच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, 8 च्या खाली, म्हणले आजच्या आज पोटविकार तज्ज्ञाकडं न्या. गाडी करून तडक संभाजीनगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "काका, गुडघे दुखतेत का?" बाबांनी शर्टाच्या खिशातनं दुखण्याच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट काढलं, रोज एक, दोन वर्षं झाली, आणि आम्हाला घरात कुणालाच माहीत नाही! या गोळ्यांनी जठराचं आतलं अस्तर कमजोर होतं, जखम होते, ती वाहायली की रक्त खाली जाता जाता काळं पडतं.

मग दुर्बीण. घशात बधिर करायचा स्प्रे, डाव्या कुशीवर झोपवलं, करंगळीएवढी नळी. मला वाटायचं हे डॉक्टर म्हणजे ॲसिडिटीच्या गोळ्या देणारे, पण त्यांनी त्याच नळीतून बारीक क्लिप सोडून वाहणारी नस बंद केली, कुठं टाका नाही की चिरा नाही. जठराचा तिळाएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला, थोड्या वेळात ते गुलाबी झालं. म्हणजे एच पायलोरी हा जठरात जखम करणारा जंतू पण होता. हा जंतू 1984 मध्ये बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं स्वतः पिऊन बघितला होता, त्याला आणि रॉबिन वॉरनला 2005 चं नोबेल त्याच्याच शोधाबद्दल मिळालं.

रक्ताच्या 2 पिशव्या, 14 दिवस अँटिबायोटिक, आणि कोर्स संपल्यावर 4 आठवडे थांबून जंतू गेला का याची परत तपासणी. लोहाच्या गोळ्यांनी पण संडास काळी होते, तेव्हा घाबरू नका, पण चिकट आणि घाण वासाची झाली तर लगेच या, हे डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं. आईला, कारण बाबा तर सांगणारच नाहीत.

हे लिहायलोय कारण आमच्याकडं सोयाबीन काढणीच्या दिवसात असली पाकिटं कितीतरी जणांच्या खिशात असतेत. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे खिसे एकदा बघा ना.

बाबांच्या फाईलवर डॉक्टरांनी लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, दुखण्याची गोळी बंद. मेडिकलवर जाताना बाबा तो कागद सोबत नेतात.